जपानी की अमेरिकी ते राहू द्या, वऱ्हाडी कुठं आहे?

अमरावती-अकोल्याच्या पोरांमध्ये एक वाद नेहमी रंगतो. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, ट्यूशनबाहेर गाडीवर बसून, रात्री हेडफोन लावून. एकजण म्हणतो, ‘फायनल फँटसी’ हाच खरा रोल-प्लेइंग गेम. दुसरा उसळतो, “काहून बे? त्यात हिरो त्याइचा, कहाणी त्याइची, शेवटही त्याइचाच. तू फक्त बटनं दाबून रायला. आरपीजी पाह्यचा तं ‘बाल्डर्स गेट’ पाह्य.” पहिला गप्प बसत नाही. “तुया बाल्डर्स गेटमंदी हिरोचं नाक-डोये बनवता बनवताच अर्धी रात जाते!”

मला हा वाद आवडतो. क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या खेळाबद्दल आपल्याकडे इतक्या पोटतिडकीनं कोण बोलतं? पण दोघांनाही एक विचारायचं आहे. तू जपानची वकिली करतोस, तो अमेरिकेची करतो. वऱ्हाडचं वकीलपत्र कोणी घेतलंय?

आधी इतिहास सांगतो, कारण भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो अर्धाच ठाऊक असतो. ज्या १९७४ साली आपल्याकडे मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. कॉम्प्युटरचा पत्ताच नव्हता. चार-पाच जण टेबलाभोवती बसायचे. एकजण जग सांभाळायचा: इथं डोंगर आहे, इथं भुयार आहे, दारामागून कण्हण्याचा आवाज येतोय. बाकीचे एकेक माणूस व्हायचे आणि सांगायचे, मी दार उघडतो, मी पळतो, मी आधी कान देऊन ऐकतो. जमलं की फसलं हे फासा ठरवायचा. सगळा खेळ एका प्रश्नावर उभा आहे: “आता तू काय करतोस?”

त्याच्या मागे सैन्याच्या युद्धखेळांची परंपरा होती, प्रशियातली. आणि त्या युद्धखेळांच्या मुळाशी बुद्धिबळ. इथं हमखास कुणीतरी छाती पुढं काढतं: बुद्धिबळ आपलं, सापशिडी आपली, पच्चीसीवरूनच तर इंग्रजांनी ल्युडो केला! खरं आहे, शंभर टक्के खरं आहे. पण सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून वावर पेरलं जात नाही. गेल्या पन्नास वर्षांत या वावरात पेरणी केली ती अमेरिकेनं आणि जपाननं. आपण बांधावर उभं राहून मालकी सांगत बसलो.

१९८१ मध्ये हा टेबलावरचा खेळ ॲपल टू कॉम्प्युटरवर दोन वाटांनी आला. टेक्ससच्या रिचर्ड गॅरियटनं ‘अल्टिमा’ केला. मोकळं जग, गावं, समुद्र, वाट्टेल तिकडं जा. कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी ‘विझर्ड्री’ केला. सहा जणांची टोळी, अंधारा चक्रव्यूह, आणि चूक झाली की हळहळत बसावं अशी शिक्षा. गॅरियटनं १९८५ च्या चौथ्या ‘अल्टिमा’त तर मारायला खलनायकच ठेवला नाही. दया, प्रामाणिकपणा, न्याय असे आठ गुण अंगी आणायचे आणि ‘अवतार’ व्हायचं. खेळाच्या नावातच ‘अवतार’ आहे. हवी ती कल्पना त्यानं आपल्या दारातून उचलली. आपण मात्र रविवारी सकाळी टीव्हीवर अवतार बघून हात जोडले आणि उठलो.

आता जपान. युजी होरी हा मासिकांत लिहिणारा माणूस. त्यानं अमेरिकेच्या फेरीत ‘विझर्ड्री’ पाहिला, ‘अल्टिमा’ खेळला आणि झपाटला. पण त्याच्यापुढची अडचण बघा. अमेरिकेचे खेळ महागड्या कॉम्प्युटरचे, पूर्ण कीबोर्डचे, जाडजूड सूचनापुस्तकांचे. जपानी पोरांच्या हातात होता निन्टेन्डोचा फॅमिकॉम: दिशेचं एक बटण आणि वर दोन-चार बटणं. कार्ट्रिजमध्ये जागा ६४ किलोबाइट. आज मोबाइलवर आलेला ‘सुप्रभात’चा एक फोटो याहून जड असतो. अक्षरंसुद्धा सगळी मावेनात, म्हणून त्यानं राक्षसांची नावं मोजक्याच कटाकाना अक्षरांत बसवली.

२७ मे १९८६ ला आलेल्या त्याच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची सुरुवात प्रत्येक होतकरू खेळकर्त्यानं शंभरदा बघावी. तुम्ही राजासमोर उभे आहात. दालनाचं दार बंद. खोलीत पेट्या आहेत, पहारेकरी आहेत, एक जिना आहे. पहारेकऱ्याशी बोललात की कळतं, बोलायचं कसं. पेटी उघडलीत की किल्ली मिळते आणि कळतं, पेटी उघडायची कशी. किल्लीनं दार उघडलंत, जिना उतरलात. झालं, सगळे नियम शिकून झाले आणि सूचनापुस्तकाचं एक पान उलटावं लागलं नाही. ज्यानं आयुष्यात असा खेळ पाहिला नाही त्या आठ वर्षांच्या पोराला मनात धरून ही एक खोली रचली होती. मी याला थोर लेखन म्हणतो. खेळ पुढं चालू ठेवायचा तर वीस अक्षरांचा परवलीचा मंत्र वहीत उतरवून ठेवावा लागायचा, आणि एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. अकिरा तोरियामाची चित्रं, कोइची सुगियामाचं संगीत. जपान वेडा झाला. अमेरिकेत पुढं तोच खेळ निन्टेन्डोच्या मासिकानं वर्गणीदारांना फुकट वाटला. जपाननं तोवर अमेरिकेचं घेऊन स्वतःचं वेगळंच काहीतरी उभं केलं होतं.

वाद घालणाऱ्यांनो, मुद्दा इथं आहे. होरीनं ‘विझर्ड्री’ची नक्कल केली नाही आणि ‘हे परदेशी, आपलं नव्हे’ असं म्हणून नाकही मुरडलं नाही. आपल्या पोराच्या हातात काय मावतं ते बघितलं आणि तेवढं कापून घेतलं.

त्यानंतरच्या दोघांनी तर कमालच केली. शिगेसातो इतोई हा जाहिराती लिहिणारा माणूस. १९८९ मध्ये त्यानं ‘मदर’ आणला. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चाच सांगाडा, पण तलवारीच्या जागी बेसबॉलची बॅट. राजाच्या जागी फोनवरचा बाप. तोच खेळ जतन करतो आणि तोच पैसे पाठवतो. राजवाड्याच्या ठिकाणी साधं गाव आलं. सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोच्या कडेला मोकळ्या जागेत किडे पकडत फिरायचा. त्या जागांवर इमारती उठल्या आणि किडे गेले. त्यानं ते बालपण १९९६ मध्ये गेमबॉयवर परत आणलं. त्याचं नाव ‘पोकेमॉन’. अकोल्याच्या ज्या पोरांनी कार्टून नेटवर्कवर पिकाचूची मालिका हिंदीत बघितली, त्यांनी टोकियोच्या कडेचा एक हरवलेला पडीक तुकडा बघितला होता.

मोर्णेच्या काठचं आपलं बालपण कोणत्या खेळात आहे? दाखवा मला.

बरं, जपानी आणि पाश्चात्त्य यांच्यातल्या ज्या भिंतीवर चढून तुम्ही भांडता, ती भिंत तरी शाबूत आहे का? एके काळी होती. १९९७ ला ‘फायनल फँटसी सात’ आला, त्यातली नायिका एरिथ मेली आणि जगभरची पोरं ढसाढसा रडली. ठरलेली पात्रं, ठरलेली कथा, आळीपाळीनं चाल, ही जपानी तऱ्हा. त्याच वर्षी अमेरिकेत ‘फॉलआउट’ आला आणि पुढच्या वर्षी कॅनडातून ‘बाल्डर्स गेट’. माणूस तू घडव, निर्णय तू घे, परिणामही तूच भोग, ही पाश्चात्त्य तऱ्हा. इथवर ठीक. मग हिदेताका मियाझाकी आला. गरीब घरचा मुलगा, वाचनालयातून इंग्रजी पुस्तकं आणायचा, अर्धं कळायचं नाही, ते कल्पनेनं भरून काढायचा. त्यानं ‘डार्क सोल्स’ आणि २०२२ चा ‘एल्डन रिंग’ केला. जपानी माणसाचा खेळ, जग सगळं युरोपी, आणि कथा अशी की अर्धी आपणच भरून काढायची. उलट एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या नव्या चमूनं ‘क्लेअर ऑब्स्क्यूर’ आणला. फ्रेंच पोरांचा खेळ, पण आळीपाळीची चाल पक्की जपानी, आणि आम्ही ‘फायनल फँटसी’वर वाढलो हे ते उघड सांगतात. ‘फायनल फँटसी’चे नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितलं की ‘जेआरपीजी’, म्हणजे जपानी आरपीजी, हा शिक्का पहिल्यांदा कानावर आला तेव्हा त्यांच्या लोकांना तो हिणवल्यासारखाच लागला होता.

तेव्हा देशाचं नाव चिकटवून खरा आरपीजी कोणता हे ठरवणं सोडा. या प्रकाराची व्याख्या आजवर ज्यांनी बदलली, त्या सगळ्यांनी एकच केलं: दुसऱ्याचा सांगाडा निर्धास्तपणे घेतला आणि त्यात आपल्या गावचं जगणं घातलं.

आपल्याकडे कुणी केलंच नाही असंही नाही. वऱ्हाडापासून फार लांब नसलेल्या भोपाळच्या पायरोडॅक्टिलनं २०१४ मध्ये ‘अनरेस्ट’ आणला. प्राचीन भारतातलं भिम्रा नावाचं कल्पित शहर, दुष्काळ पडलेला, आणि खेळणारा एकामागून एक वेगवेगळ्या थरांतली माणसं होतो. मारामारी बहुतेक वेळा टाळता येते. बोलणं मात्र टाळता येत नाही. भारतीय आरपीजीत मला हा सगळ्यात धीट प्रयत्न वाटतो, आणि तो खेळलेला माणूस वऱ्हाडात शोधून सापडत नाही. दुष्काळ आपल्याला माहीत आहे, दुष्काळावरचा खेळ माहीत नाही!

पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये ‘राजी’ केला. निधी उभारण्याची मोहीम फसली, तरी माणसं मागं हटली नाहीत, आणि जगाच्या मोठ्या पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांमध्ये त्याला नामांकन मिळालं. त्यांच्या चिकाटीपुढं माझी मान लवते. पण ‘राजी’ हा आरपीजी नाही, तो मारधाडीचा साहसखेळ आहे. आणि त्यातल्या कमानी राजस्थानी, चित्रशैली पहाडी. मराठी मुलुखात बनला, मराठी मुलूख मात्र त्यात दिसत नाही. हा त्यांच्यावर ठपका नाही. त्यांना जे भावलं ते त्यांनी केलं. आपलं आपण करायचं होतं.

आणि आपलं म्हणजे काय थोडंथोडकं आहे?

चिखलदऱ्याला जाता तेव्हा गाविलगडावर सेल्फी काढता ना? १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्या फौजेनं तो घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या इंग्रज कादंबरीकारानं या एका लढाईवर अख्खी कादंबरी लिहिली, ‘शार्प्स फोर्ट्रेस’. तिचा नायक इंग्रज शिपाई, नजर इंग्रज. आपल्या गडावर, आपल्या डोंगरात परका नायक हिंडून आला, जगभर वाचला गेला, आणि परतवाड्याच्या पोराला त्याचा पत्ता नाही. कॉर्नवेलला मी नावं ठेवणार नाही. जागा रिकामी होती, त्यानं भरली.

आता कल्पना करा, परतवाड्याच्या कुठल्याशा ओसरीवर पाच जण बसलेत. खेळ चालवणारी मुलगी सांगते, “अडगावची लढाई हरून आठ दिवस झाले. पळालेली फौज गडावर पोचली. फिरंगी डोंगरातून तोफा ओढून रायला. तुम्ही बोरींच्या जाळीत लपले हा. खालून बैलाइच्या घंट्या ऐकू येऊन रायल्या. काय करता?” एकजण गडावरच्या गोलंदाजाची लेक आहे. एकजण सगळ्या वाटा ठाऊक असलेला कोरकू. एकजण अचलपूरचा विणकर, त्याचं गिऱ्हाईक दोन्ही फौजांत आहे. एकजण घरी निघालेला, पगार थकलेला शिपाई. एकजण भुमका, त्याला जडीबुटी कळते आणि लोक त्याला भितातही. इंग्रज फौजेतल्या स्टीव्हन्सनच्या पलटणीनं खरोखर डोंगरात रस्ता काढत जड तोफा नेल्या होत्या. त्यांना वाट कुणी दाखवली? पैशासाठी, भीतीनं, की गडावरच्यांवर राग होता म्हणून? कोरकू झालेल्या पोराला आता ठरवावं लागेल. तिथं तो पोरगा जो विचार करेल, तो इतिहासाच्या पेपरात पाच गुणांसाठी कधीच करणार नाही.

किंवा लढाई नकोच. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. अकोला, अमरावती, बुलडाण्याची कितीतरी गावं. विहिरीला पाणी आहे, पिता येत नाही. ज्या खेळात सोन्याच्या मोहरांऐवजी गोड पाण्याच्या घागरी मोजाव्या लागतात, कापसाच्या हर्राशीत भाव पडतो तेव्हा खेळणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, सावकाराकडं जायचं की बायकोची पोत मोडायची हा निर्णय फाशावर ढकलता येत नाही, तो खेळ जगात कुणाकडे आहे? जपानकडे नाही, अमेरिकेकडे नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडी अकोल्यात सगळ्यांनी पाहिल्यात. रात्रभर चालणारी माणसं, एकमेकांना खांदा देणं, थकणं, रुसणं, पोचणं. टोळी करून प्रवास म्हणजे काय हे आम्हाला ‘विझर्ड्री’नं शिकवायची गरज नव्हती.

सोंग घेणं तर आपल्या हाडीमाशी आहे. बहुरूपी दारात पोलीस बनून येत असे आणि आजी खरंच घाबरत असे. भुलाबाईच्या दिवसांत दहा वर्षांच्या पोरी गाण्यातून सासुरवाशीण होतात, सासू होतात, रुसलेल्या सुनेला आणायला निघालेला सासरा होतात. आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा! दुसऱ्याच्या कातड्यात शिरणं, त्याच्या तोंडानं बोलणं, अंदाज बांधणं, सगळं तिथं आहे. आपण त्याला बायकांचं-पोरींचं म्हणून कोपऱ्यात बसवलं, आणि त्याच पोरी मोठ्या होऊन मोबाइलवर परक्या राजकन्यांची वेणी घालतात. याचा मला मनापासून राग येतो.

भाषेचंही तेच. वऱ्हाडी बोललं की सिनेमात हशा पिकवायचा, हे आपण मुकाट्यानं चालवून घेतलं. उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये ‘धग’ लिहिली, त्यात कौतिकचं सगळं दुःख वऱ्हाडीत बोललं आणि कुणाला हसू आलं नाही. खेळातल्या शहाण्या म्हातारीनं, क्रूर सरदारानं, मरणाऱ्या मित्रानं वऱ्हाडीत बोलावं. विनोदी नोकरानं तेवढं बोलू नये, काही वर्षं तरी.

पालकांनाही एक सांगतो. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ते बरंच झालं. पण पैसे लावायचे पत्ते आणि गोष्ट जगायचा खेळ यांना एकाच काठीनं हाकू नका. पोरगा रात्रभर रमी खेळतो की एखाद्या पात्राच्या मरणावर विचार करत जागतो, हे एकदा त्याच्याजवळ बसून बघा तरी. सरकारलाही ऐकवतो. राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं. त्यातून इमारती येतील, नोकऱ्या येतील, यायलाच हव्यात. गोष्ट मात्र धोरणातून येत नाही, ती कुणीतरी बसून रचावी लागते.

“आमच्याकडे कुठं पैसा, कुठं स्टुडिओ, अमरावतीत काय होणार?” हे रडगाणं मला ऐकायचं नाही. एस्टोनिया हा देश माहीत आहे? साऱ्या देशाची वस्ती तेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या अकोला जिल्ह्याची अठरा लाखांवर आणि अमरावतीची अठ्ठावीस लाखांवर होती. त्या एस्टोनियातल्या मित्रांच्या टोळक्यानं वर्षानुवर्षं टेबलावर फासे टाकत एक जग रचलं, त्यातल्या रॉबर्ट कुर्वित्झनं त्यावर कादंबरी लिहिली, ती फारशी खपली नाही, आणि मग त्याच जगातून २०१९ मध्ये ‘डिस्को इलिझियम’ आला. तलवार नाही, ड्रॅगन नाही. पराभूत शहरातला एक दारुडा पोलीस आणि त्याची स्वतःशी चाललेली भांडणं. जगानं तो डोक्यावर घेतला. आणि मोठं होण्याची सवय आपल्याला नाही असंही नाही: १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते.

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, हेही लक्षात असू द्या. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या माणसामाणसाला भेटून, विचारून, पडताळून, आणि मराठीतलं पहिलं मोठं गद्य उभं राहिलं. ‘लीळाचरित्र’ हा खेळ करण्याचा विषय नव्हे, तो श्रद्धेचा ग्रंथ आहे. पण काम कसं करायचं ते त्यातून शिकावं. आजोबाला विचारा, शकुंतला गाडी मूर्तिजापूरहून अचलपूरला जाताना कुठं कुठं थांबायची, डब्यात कोण बसायचं. जिनिंगमध्ये काम केलेल्या मावशीला विचारा. मेळघाटातल्या मित्राला विचारा, आणि त्याच्या नावासकट विचारा, ‘एक आदिवासी’ म्हणून नको.

तेव्हा पोट्टेहो आणि पोरींनो, या दिवाळीच्या सुट्टीत पाच जण जमा. कोडिंग आलं नाही तरी चालेल, युनिटी-अनरियल नंतर बघू. वही घ्या, पेन्सिल घ्या, ल्युडोच्या डब्यातला फासा घ्या. आपल्या गावचा नकाशा काढा, त्यात विहीर कुठं, पार कुठं, कुणाचं कुणाशी वैर, ते लिहा. एकानं जग सांभाळा, बाकीच्यांनी माणसं व्हा, आणि बोला वऱ्हाडीत. खेळ फसला तर नियम बदला आणि पुन्हा बसा. जमला, की तुमचे नियम मराठीत नीट लिहून काढा आणि शेजारच्या गावातल्या पोरांना खेळायला द्या.